दुसरं पान

“अगं, हिचं नाव तर आत्ताच देणाऱ्यांत घेतलं की!”

माझ्यामागे बसलेली बाई शेजारणीच्या कानात बोलली, पण विहारात इतकी शांतता होती की सगळ्यांनाच ऐकू गेलं. शेजारीण हसू दाबत म्हणाली, “एका हातानं देऊन राहिली, दुसऱ्या हातानं घेऊन राहिली.”

माइकवर विहाराचं काम बघणारे काका यादी वाचतच होते. धान्य देणाऱ्यांचं पान संपलं तसं त्यांनी ते उलटलं आणि त्याच लयीत पुढची नावं सुरू केली. ते दुसरं पान घेणाऱ्यांचं होतं. दोन्ही पानं एकत्र स्टेपल केली होती मी. दुसऱ्या पानावर मथळा म्हणून फक्त ‘लिस्ट बी’ लिहिलं होतं, तेही इंग्रजीत. काका मथळे वाचत नाहीत, नावं वाचतात.

माइक माझ्यापासून सहा पावलांवर होता. चार नावं वाचून झाली तरी मी उठले नाही. शेवटी कोणीतरी पुढे होऊन काकांच्या हातातले कागद घेतले आणि माझ्याकडे आणून दिले.

नांदेडच्या आमच्या वस्तीत आम्ही चारपाच जणी ही धान्य बँक चालवतो. घरोघरी स्वयंपाकाआधी एक मूठ तांदूळ नाहीतर ज्वारी वेगळ्या डब्यात टाकतात आणि रविवारी वंदनेला येताना तो डबा आणतात. वंदना झाली की देणाऱ्यांची नावं माइकवर घेतात. घेणाऱ्यांची नावं कोणी घेत नाही. त्यांच्या पिशव्या मी स्कूटीवरून पोचवते, गिरणीतून दळण आणल्यासारख्या. हा नियम माझाच. बाकीच्या जणी हसायच्या, “इंग्लिशवालीचं सगळं गुपचूप.”

नियमाचं कारण मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. बाबांची नोकरी गेली तेव्हा आम्ही लातूरला होतो. तिथे अशीच पिशवी आमच्या घरी यायची. आणणारी बाई जिन्यातूनच मोठ्यानं हाक मारायची. आई पिशवी झटकन आत ओढून घ्यायची आणि मी खिडकीतून समोरच्या गॅलरीत कोणी उभं आहे का ते बघायचे. इथे नांदेडला हे कोणालाच माहीत नाही.

ज्या मावशीचं नाव दोनदा वाचलं गेलं, ती भिंतीला टेकून बसली होती. पांढरी साडी, मांडीवर रिकामा केलेला डबा. तिनं झाकण लावायचा प्रयत्न केला. ते लागेना. ती विष्णुपुरीकडच्या एका खानावळीत पोळ्या लाटायची, तिथेच मनगट गेलं. झाकण तसंच हातात धरून ती बाहेर पडली.

“ज्याला द्यायला जमतंय त्याला घ्यायला कशाला पाहिजे?” मागची बाई आता सरळ मलाच म्हणाली. “नाव काढून टाक.”

मावशीच्या डब्यातले तांदूळ आमच्याच पिशवीतले असतात, हे मला कधीपासून माहीत होतं. तो बारीक तुकडा तांदूळ मी ओळखते. तरी तिचं नाव मी दोन्ही पानांवर लिहीत होते. हे तेव्हा सांगता आलं असतं. मी नखानं स्टेपलची पिन उकलत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिची पिशवी घेऊन गेले. नेहमीसारखी गाडी बोळाच्या तोंडाशीच लावली.

“आता लपून कशाला आली, ताई?” मावशी दारातच म्हणाली. “गाडी इथवर आण की. समद्यांना माहीत हाय आता.”

आत तिचा नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याचं एक अंग गेलेलं आहे. मी पिशवी चुलीजवळ ठेवली. तिनं ती उचलून पुन्हा माझ्या पायाशी आणून ठेवली, डाव्या हातानं.

“परत ने.”

“मावशी, महिनाभराचं आहे.”

“मला मोजून सांगू नको. एक काम कर. घेणाऱ्यातलं माझं नाव काढ. देणाऱ्यातलं ठेव.”

फळीवर तिचा डबा होता. मग त्यात काय टाकणार, असं मी विचारलं नाही. तिनंही माझ्याकडे बघायचं टाळलं.

वाटभर मी ‘सॉरी’ म्हणायची तयारी केली होती. आता ते कोणाच्या पायावर पाय पडल्यावर म्हणतात तसं वाटायला लागलं. बाहेर उंबऱ्यापाशी मावशीची शेजारीण मेथी निवडत बसली होती. तिचे हात मघाशीच थांबले होते.

“तुला न्हाई कळायचं, पोरी,” मावशी म्हणाली. आवाजात राग नव्हता. “तू शिकलेली, गाडीवर फिरणारी. तुझ्या घराचं नाव असं कुणी घेतलंय का कधी?”

मी किल्ली उचलली. दारापर्यंत गेले. शेजारणीनं वाट द्यायला पाय आवरून घेतले. मी तिथूनच परत फिरले. बोलले तेव्हा आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला.

“लातूरला अशी पिशवी आमच्याकडे यायची, मावशी. दोन वर्षं. मी त्यातलंच जेवलेय. ही ठेवून घ्या.”