मुलगी कोणाकडे आहे?

त्या मुलीचा चेहरा आता पुसट झाला आहे, पण ती घटना अजून जशीच्या तशी आठवते. दहशतवादाने पंजाब धुमसत होता आणि मी चंदीगडच्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. दिवसभर नाकाबंदी आणि झडत्या, दिवेलागणीला रस्ते ओस. तरीही थंडीत ठाण्याच्या अंगणात उन्हाला बसून घेतलेला चहा आठवला की बरे वाटते.

अशाच एका दुपारी रुग्णालयाच्या मनोरुग्ण विभागातून फोन आला. बोलणाऱ्या डॉक्टर साताऱ्याच्या होत्या. परमुलखात मराठी ऐकून सुखावलो, पण त्यांचा स्वर गंभीर होता.

"साहेब, माझ्या एका पेशंटचा नवरा बसवरच्या गोळीबारात गेला. तेव्हापासून तिचं मन थाऱ्यावर नाही. 'माझी मुलगी हरवली' एवढंच म्हणते. दीर म्हणाला, मुलगी आजीकडे आहे. म्हणून आम्ही तो भ्रम समजलो. आज तिची आई, म्हणजे तीच आजी, भेटायला आली आणि मलाच विचारते, नात काकाकडे नीट जेवते ना?"

दिराला चौकशीला बोलावले. "बच्ची नानी के पास है, जी," तो ठामपणे म्हणाला. आधीच बोलावून शेजारच्या खोलीत बसवलेल्या आजीलाच मी आत आणले.

"पुत्तर, मेरी दोहती कित्थे है?" नात कुठे आहे, असे तिने विचारले, आणि त्याने मान खाली घातली. दरडावण्याला न बधणारी माणसे घरच्या वडीलधाऱ्यांच्या साध्या प्रश्नाने खचतात, हे मी पुढेही पाहिले.

"खरड में एक जोड़े को दे दी. पागल माँ की बच्ची कौन पालता?" तो म्हणाला.

महिला शिपायाला घेऊन लगेच चंदीगडजवळचे खरड गाव गाठले. मूलबाळ नसलेल्या त्या जोडप्याला दिराने मुलीची आई वारल्याचे सांगितले होते. खरे कळताच त्या बाईने मुलीचे केस विंचरले, स्वेटर चढवला आणि म्हणाली, "माँ ज़िंदा है तो चलो. मैं भी आऊँगी."

वॉर्डात आईने मुलीला उराशी धरले आणि डॉक्टरांकडे पाहिले. "देखो, मैं झूठ नहीं बोलती थी." डॉक्टरांनी डोळे टिपले.

दिरावर गुन्हा दाखल झाला. आजी थकलेली; त्यामुळे आई बरी होईपर्यंत, तिच्याच संमतीने आणि न्यायालयाच्या आदेशाने, मुलगी खरडलाच राहिली. दर रविवारी ती बाई तिला आईला भेटवून नेई. पुढे मायलेकी घरी परतल्या, तरी दर हिवाळ्यात लोहडीच्या सणाला रेवड्या घेऊन ती बाई त्यांच्याकडे येतच राहिली.

त्यानंतर त्या विभागात कोणी आई दाखल झाली की आमची महिला शिपाई तिची मुले स्वतःच्या डोळ्यांनी पाहून येई. आजारी माणसाचे बोलणेही जबाबाइतकेच गांभीर्याने ऐकावे, आधी तपासावे आणि मगच त्याला भ्रम म्हणावे, हे मी त्या आईकडून शिकलो.