डोळे मिटून पन्नास पावलं

बुद्धीला न पटणाऱ्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी विषय बदलायचे. माझं कामच तसं... नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका कानाच्या दवाखान्यात मी चक्कर येणाऱ्या पेशंटच्या तोलाच्या तपासण्या करते. सगळं मोजायचं, कागदावर उतरवायचं.

गेल्या उन्हाळ्यात मखमलाबादकडचे एक फुलशेतीवाले काका बायकोबरोबर आले. तीन आठवडे चक्कर. चालताना कुणीतरी एका अंगाला ओढतंय असं वाटायचं. बाकी टेस्ट नॉर्मल होत्या.

मग त्यांना डोळे मिटून जागच्या जागी पन्नास पावलं टाकायला लावली. एक कान बिघडला असेल तर माणूस नकळत त्या बाजूला वळतो. काका उजवीकडे वळले — कपाटाकडे. उलट तोंड करून उभं केलं, तर डावीकडे वळले. पुन्हा कपाटाकडेच! उजेडाचा-आवाजाचा अंदाज नको म्हणून लाइट घालवला, कानांवर हेडफोन चढवला... तेच.

"तिकडं लासलगाव हाय मॅडम," काकू हळूच म्हणाल्या. "आमची सुनीता तिकडंच असती. मनानं लग्न केलं म्हणून ह्यांनी सहा वर्षं तोंड बघितलं नाय तिचं."

हेडफोन काढत होतेच मी. काकांनी ऐकलं. "तिचं नाव काढू नको," एवढंच बोलले.

शेवटचं एकदा करू म्हटलं. विसेक पावलं झाली आणि काका थांबले.

"गेली मॅडम."

"काय गेलं?"

"चक्कर. एकदम गेली बघा. लय हलकं वाटतंय." ते चक्क हसले. काकूंनी हात जोडले.

रिपोर्ट लिहीत होते तेवढ्यात काकूंच्या मोबाईलवर जावयाचा फोन आला. सुनीता नुकतीच गेली... दहा मिनिटांपूर्वी. तीन आठवडे लासलगावच्याच दवाखान्यात होती. आजारी आहे म्हणून बोलवू नका, बाबा आपणहून येऊ देत — अशी शपथ घातली होती तिनं नवऱ्याला.

नंतर मी मॅप लावून पाहिला. कपाटाच्या रोखानं सरळ लासलगाव. आमच्या डॉक्टरांनी 'योगायोग' म्हटलं. मीही तेच म्हणून पाहिलं.

महिन्याभरानं काका एकटेच आले. तपासलं. तोल अगदी उत्तम.

"काका, तुम्ही बरे झालात."

ते उठेनात. "मॅडम, चक्कर परत येईल असं काय औषध हाय का?" मग खाली बघत म्हणाले, "पोरगी ओढत होती... अन् मी गोळ्या खात होतो."

हे का घडलं, मला आजही सांगता येत नाही. त्या दिवशी मी नुसती काकांच्या शेजारी बसून राहिले.