कोरड्या हाताने

"पायरीवर ठेव बे. हातात काऊन देतं?"

खामगावच्या त्या दुकानाचा शेठ गादीवरून उठलासुद्धा नाही. मी कॅमेरा पायरीवर ठेवला. नवा होता. त्याच्याच दुकानातून घेतलेला. घेतला तेव्हा माझे रुपये त्याने याच पायरीवर ठेवायला लावले आणि पाणी शिंपडून मग उचलले. मी घासाघीस करून भाव पाडला होता, म्हणून गप्प बसलो. रुपये भिजले तरी चालतात.

कॅमेऱ्यात मात्र खोट निघाली. पुढच्या चामडी भात्याला, घडीच्या आत, सुईच्या टोकाएवढं भोक. तिथून उजेड शिरायचा आणि प्रत्येक फोटोवर पांढरा फराटा उमटायचा. आमच्या गावच्या पाटलाच्या फोटोत तो बरोबर नाकावरून गेला.

"महाराचा हात लागला ना, मंग असंच होईन," पाटील म्हणाला. सगळे हसले.

देऊळगाव राजाच्या एका लग्नाचं काम हातात होतं. तेही नासलं असतं, तर पुन्हा जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी वाहायला जावं लागलं असतं. तिथेच खपून मी हा कॅमेरा घेतला होता.

"भोक तुम्हीच विकलं, शेठजी. तुम्हीच बुजवा."

"तूच पाडलं असशीन. गठाणी वाहाच्या सोडून फोटो काढाले निघाला!" मग त्याने नोकराला हाक मारली. "गणपत, पाणी आण. मंग पाहू."

गणपत तांब्या घेऊन आला. मी ओरडलो, "पाणी नका टाकू! भाता सडते, काच खराब होते!"

"एवढासा शितोडा. तुह्यापेक्षा नाजूक हाय का ते?"

गणपतने ओंजळ भरली. माझं डोकं फिरलं. पायरी ओलांडून मी थेट दुकानात शिरलो. फळीवर नवे कॅमेरे मांडले होते. एकावर हात ठेवला. मग शेजारच्यावर. मग त्याच्या शेजारच्यावर.

"आता ह्याइलेबी पाणी टाका, शेठजी. सगळेच बाटले."

शेठ ताडकन उठला. "उतर खाली! पोलीस बलावतो!"

"बलावा. त्याइच्यासमोर धुवा."

गणपतच्या बोटांतून पाणी गळत होतं. शेठने फळीकडे पाहिलं. माझा हात पुढच्या कॅमेऱ्याकडे निघाला होता.

"तांब्या आत ने," तो गणपतला म्हणाला.

मग तो वाकला. माझा कॅमेरा कोरड्या हाताने उचलला. भोकावर आतून काळं कापड डकवलं. मी दारातल्या उन्हात भाता धरून आत डोकावलो. काळोख. एक किरण नाही. तेव्हाच दुकानातून उतरलो.

रस्त्यावर पोचेपर्यंत मागे धुण्याचा आवाज सुरू झाला. पायरी धुतली. फरशी धुतली. फळीवरच्या कॅमेऱ्यांवर थेंबही पडला नाही. म्हणजे विटाळ कुठे मानायचा आणि कुठे नाही, हे शेठला पक्कं ठाऊक होतं.

ते मलाही कळलं. आता मी फोटो कोणाच्या ओट्यावर ठेवत नाही. माझ्या हातातून घ्यायचा. पाटलाने दुसऱ्यांदा फोटो काढून घेतला. स्वच्छ आला. पण अजून म्हणतो, "ओट्यावर ठेव."

त्याचा फोटो माझ्या पेटीत आहे. तिथेच पिवळा पडेल.