पांढरीचं टेकाड

माझं माहेर सावद्याच्या खाली, तापीकाठचं. तिकडे जागा घ्यायची तर विहीर गोडी की खारी हे मागाहून. आधी विचारतात, नदी कुठवर आली होती? आमच्या ह्यांनी धुळ्यात, देवपुराकडच्या काठाला जागा बघितली तेव्हा मीही तेच विचारलं. हे कापसाच्या जिनात कारकून. मला म्हणाले, "अगं, पांझरा म्हणजे काय तापी आहे? उन्हाळ्यात पोरं हिच्या पात्रात आट्यापाट्या खेळतात."

नदी उन्हाळ्यात बघून घर बांधणारा माणूस माझ्याच नशिबी यायचा होता. पण मी हटले नाही. जागेला लागून राहणाऱ्या आबांना स्वतः विचारलं. त्यांचा जन्मच तिथला. ते म्हणाले, "पांढरीना अलीकडे पानी कधी उनं नही, माय." पाणी अलीकडे कधी आलं नाही, हे खरंच होतं. नदी आणि आमची जागा यांच्या मध्ये कुठल्याशा जुन्या, उठून गेलेल्या वस्तीचं टेकाड होतं, पांढऱ्या मातीचं. त्यालाच सगळे पांढरी म्हणत. पूर यायचा, टेकाडाला अडायचा आणि वळसा घालून खाली निघून जायचा. माझा जीव भांड्यात पडला. आम्ही घर बांधलं. भिंती मातीच्या, खांब सागाचे, वर धाबं.

धाबं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. लाकडं, काड्या आणि त्यावर मातीचा जाड थर, असं ते सपाट छप्पर. काळी माती टाकली की उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात घरात धार लागते. पांढरी टाकली की थेंब येत नाही. म्हणून आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की बठ्ठा, सगळाच्या सगळा गाव धाब्यावर चढतो आणि नवी माती पसरतो. आता ही पांढरी माती आणायची कुठून? तर त्याच टेकाडावरून.

पहिल्या आखाजीला बैलगाड्यांची रांग बघितली आणि मी ह्यांना म्हटलं, "अहो, ही माती म्हणजे आपली तटबंदी आहे. ती डोक्यावर घेऊन काय करायचंय?"

"दोन-चार गाड्यांनी टेकाड संपतं होय?" हे म्हणाले, आणि आमचीही गाडी सांगून आले.

मग दर वर्षी तेच. लढाई सुरू झाली, छपराला पत्रे मिळेनासे झाले, वस्ती मात्र वाढली. जितकी घरं, तितकी धाबी. टेकाड माझ्या डोळ्यांदेखत बसत चाललं. एकदा गाडीवाल्याला मी हटकलं तर तो हसला. "तुमना धाबावर बी हाईच माटी शे, माय." कपाळ माझं! आबांकडे गेले. म्हटलं, "आबा, पाणी पांढरीच्या अलीकडे येत नाही हे खरं. पण पांढरीच उरली नाही तर?" आबांनी शांतपणे तंबाखू मळली आणि म्हणाले, "कधी उनं नही." पालथ्या घड्यावर पाणी. मला त्या म्हाताऱ्याचा असा राग आला, की महिनाभर त्यांच्या घरी ताकाची वाटी पाठवली नाही.

एका भादव्यात, भर दुपारी, आमच्याकडे लख्ख ऊन असताना वर साक्रीकडे पाऊस कोसळला. पांझरा आली ती सरळ आली. वळसा घालायला लावील एवढं टेकाड आता उरलंच नव्हतं. आम्ही शिडीनं धाब्यावर चढलो. शेजारी आबाही त्यांच्या धाब्यावर बसलेले. खाली भिंती विरघळत होत्या. आधी चुलीकडची गेली, मग कोनाड्याची, मग ज्वारीच्या कणगीसकट मागची. प्रत्येक भिंत धप्पकन बसायची.

पाणी ओसरलं आणि आमच्यावरही पाऊस सुरू झाला. आम्ही खाली उतरून आत गेलो. आत म्हणजे काय, चार बाजूंना उघडं, नुसते खांब उभे आणि वर ते धाबं. ह्यांनी हात पुढे करून पाहिला, वर बघितलं आणि म्हणाले, "धाबं मात्र गळलं नाही हं."

त्या क्षणी मला रडू आलं नाही, संताप आला. मी पाठ फिरवली आणि चिखलात तवा शोधायला लागले.

भिंती पुन्हा घातल्या. पुढची आखाजी झाली आणि पांढरीनं भरलेली गाडी दारात हजर. मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले. म्हटलं, "ही माती माझ्या घरावर चढणार नाही. गळू दे." ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खांबांवर उमटलेल्या पाण्याच्या रेघेकडे. आणि गाडीवाल्याला म्हणाले, "परत ने. टेकाडावर टाकून ये."

लग्न झाल्यापासून ह्यांनी माझं ऐकलेलं ते पहिलंच. गाडीवाल्यानंही मान डोलावली, बैल वळवले आणि ती माती आबांच्या दारात रिकामी केली. आबांनी शिडी लावूनच ठेवली होती.

त्या पावसाळ्यात अख्ख्या आळीत एकच घर गळत होतं, आमचं. पातेली, घंगाळ, परात, हाताला येईल ते भांडं खाली मांडून मी बसायची. एकदा आबा दारातून डोकावले, टपटप ऐकली आणि कळवळून म्हणाले, "माय, तुमनं धाबं गळी ऱ्हायनं. पांढरी टाकी ल्या नं."