लाईट आल्यानंतरचा थोडा वेळ

मी मूळचीच भित्री. दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढले, दिवसभर गाड्यांची धडधड कानावर, तरी इंजिनाच्या शिट्टीला दचकायची ती दचकायचीच. अशा बाईनं घरात सीएनसी मशीन आणावं हे आमच्या ह्यांना अजून पटलेलं नाही. पण मी डिप्लोमा केलेला, लग्नाआधी सणसवाडीत एका कंपनीच्या मेंटेनन्सला होते, आणि यवतजवळच्या या वस्तीवर सून होऊन आल्यावर डोकं अगदी गंजायला लागलं होतं. म्हणून सुटे भाग मागवून लाकडावर नक्षी कोरणारं एक छोटं मशीन जोडलं. कांद्याच्या चाळीला लागून पत्र्याची शेड होती, ती मला मिळाली.

मशीन जेवणाच्या टेबलाएवढं. तीन मोटरी पात्याला पुढं-मागं, डावी-उजवीकडं आणि वर-खाली नेतात. चौथी मोटर ते पातं फिरवते, तिला स्पिंडल म्हणतात. कुठं जायचं आणि किती खोल कोरायचं, हे लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर सांगतं. पातं, म्हणजे बिट, पेन्सिलीहून बारीक, पण सागवान पेरूसारखं कापतं. बोटाचं काय करील ते मी रोज मनातल्या मनात बघायची, आणि बघून झालं की हातमोजे शोधायची, मग आठवायचं की फिरत्या मशीनजवळ हातमोजे तर त्याहून वाईट.

माझ्या बोटांची मला काळजी होती, पण त्याहून जास्त मामांच्या. सासऱ्यांना मी मामा म्हणते. या माणसाला भीती म्हणून ठाऊक नाही. ओल्या हातानं फ्यूज बसवतील, सापाला काठीनं बाजूला सरकवून त्याच वाटेनं पुढं जातील. त्यांना कोरलेल्या लाकडावरून तळवा फिरवायची भारी हौस. ताजा भुसा हातानं सारायचा, खालची नक्षी उघडी पडली की तिच्यावरून बोटं न्यायची आणि म्हणायचं, झ्याक झालंय. मशीन चालू असलं तरी हात पुढं यायचाच. सासऱ्यांवर ओरडणार कसं? मी नुसतं "मामा, हात" म्हणायची. दहा वेळा म्हणून झाल्यावर एक नियम घातला, की भुसा झाडायचा तो लाईट गेल्यावरच. आमच्याकडं लाईट जायला कारण लागत नाही, त्यामुळं नियम त्यांना लगेच मान्य झाला.

सुरुवातीला मशीननं मला भरपूर छळलं. गोल कोरायला सांगितलं की अंडं कोरायचं. देव्हाऱ्याच्या दारावर कमळ काढलं तर एक पाकळी दुसरीच्या अंगावर चढलेली. इंटरनेटवर विचारलं. कुणी म्हणालं मोटरचा करंट वाढवा, कुणी म्हणालं वेग कमी करा, आणि एकानं तर मशीनच बदला म्हणून सांगितलं. करंट वाढवला तर मोटर तव्यासारखी तापली. शेवटी निघालं काय, तर मोटर आणि स्क्रूचा दांडा जोडणाऱ्या कपलिंगचा बारीक स्क्रू सैल होता. मोटर इमानदारीत फिरायची आणि दांडा मागं राहायचा. तो आवळला आणि पाकळ्या जागेवर आल्या.

मग सॉफ्टवेअर गोठायला लागलं. काम निम्म्यावर आलं की पडद्यावर लाल अक्षरं, मशीनशी संपर्क तुटला. शेजारच्या वस्तीवरची पाण्याची मोटर सुरू झाली की हमखास. नवीन अर्थिंग केलं, लॅपटॉपची केबल चांगली जाड आणली, मोटरींच्या वायरींपासून लांबून फिरवली. तेही थांबलं. अशा दुखण्यांची मला भीती वाटत नाही. त्यांना कारण असतं आणि ते सापडतं.

राहिलं ते लाईटीचं दुखणं. लाईट गेली की मोटरी जागेवर थांबायच्या, पण लॅपटॉपला बॅटरी. त्या बाबाला काहीच कळायचं नाही, तो आपला हुकूम सोडत राहायचा. म्हणून लाईट गेली की मी चुलीपुढून उठून शेडकडं पळायची आणि लॅपटॉपला थांबवायची. लाईट आली की पुन्हा पळायची, स्टार्टरचं हिरवं बटन दाबायची आणि काम सोडलं तिथून जुळवून घ्यायची. हा स्टार्टर घरच्या जुन्या बोअरच्या मोटरीचा होता, मामांनीच दिलेला, शेडच्या भिंतीवर ठोकलेला. स्पिंडल त्याच्यावरच चालायचं. बटन दाबा, नाहीतर सॉफ्टवेअरकडून हुकूम येऊ द्या. माझी ही पळापळ मामा ओसरीवरून बघायचे. एकदा म्हणालेसुद्धा, पाय मोडंल पळून पळून.

मग ते सुरू झालं.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी शेडच्या दारात होते. लाईट येऊन थोडा वेळ झाला होता. मी अजून काही केलं नव्हतं, आणि स्पिंडल आपोआप किंचाळत सुटलं. मी धावत जाऊन लाल बटन दाबलं. मला वाटलं सॉफ्टवेअरनं जुनाच हुकूम पुन्हा पाठवला असेल. मी त्यातली एक सेटिंग बदलली आणि मनाची समजूत घातली.

पुन्हा झालं. मग सॉफ्टवेअर काढून नवीन टाकलं. तरी झालं. कधी व्हायचं, कधी नाही, आणि हेच मला खायला लागलं. मशीन रोज बिघडत असतं तर मी त्याला बिघाड म्हटलं असतं. हे दबा धरून बसल्यासारखं होतं. शेडमध्ये शिरताना मी आधी दारातून डोकं घालून बघायची, घरात कुणी अनोळखी बसलंय का बघावं तसं.

आणि एक दिवस लाईट गेलेली असताना मी बिट बदलायला घेतलं. त्याला नट सैल करायचे दोन पाने लागतात, दोन हात लागतात, आणि दोन्ही हात पात्याला चिकटून असतात. मध्येच लाईट आली. मी दचकून बघितलं, मशीन शांत होतं. म्हटलं, चला, आज शहाणं झालंय. काम पुरं केलं, हात बाहेर काढले, पाने खाली ठेवत होते, तेवढ्यात नवीन बिट गरगरायला लागलं. मी तिथंच भुशात बसले. दहा बोटं डोळ्यांपुढं धरून बसले आणि रडले. घरात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर संध्याकाळच्या आत मशीन भंगारात गेलं असतं, आणि ते मला नको होतं. भीती वाटत होती तरी नको होतं.

दोन दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, लाईट गेली. हे सणसवाडीला कामावर, सासूबाई शेवंती तोडायला. दाराची नक्षी निम्मी झाली होती आणि लॅपटॉपची बॅटरी उतरत आली होती. मी त्याची केबल सोडवली आणि त्याला घरात आणलं, कारण घरात इन्व्हर्टर आहे. पलंगावर बसून मांडीवर घेतला आणि सेटिंग्ज एकेक करून वाचायला लागले. चूक इथंच कुठंतरी आहे अशी माझी खात्री होती. खिडकीतून मामा शेडकडं जाताना दिसले. लाईट नाही, म्हणजे भुसा झाडायला. मला बरंच वाटलं, निदान नियम पाळतात.

लाईट आली. पंखा फिरायला लागला. हुकूम देणारा लॅपटॉप माझ्याकडंच, म्हणून मी वाचत राहिले.

आणि शेडमधून ती किंकाळी आली.

लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. केबल शेडमध्ये लोंबत होती. हुकूम द्यायला तिथं कुणीच नव्हतं. ते एका क्षणात कळलं. मग मामा आठवले. लॅपटॉप कुठं टाकला ते मला आजही सांगता येणार नाही. अंगण ओलांडताना तो आवाज बदलला. उंच होता तो एकदम घोगरा झाला, काहीतरी तोंडात अडकल्यासारखा, आणि काय अडकलं असेल ते माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. मी देवाचं नाव घेत नव्हते. मी फक्त "मामा, हात, मामा, हात" म्हणत पळत होते.

लाल बटन मी तळहातानं नाही, मुठीनंच ठोकलं.

स्पिंडलला त्यांचा खांद्यावरचा टॉवेल गुंडाळला गेला होता, दोरखंडासारखा पीळ पडून. मामा भिंतीला टेकून उभे होते. उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून छातीशी घेतलेला. तोंडाचा रंग गेलेला. मी जवळ गेले, पण खाली बघायची हिंमत होईना. मी त्यांच्या सदऱ्याच्या गुंडीकडं बघत म्हणाले, "मामा, मूठ उघडा."

ते उघडेनात.

"मामा, मला बघू द्या."

मग त्यांनी उघडली. अंगठ्याच्या बुडाशी कातडं सोललं होतं, रक्त येत होतं. बोटं होती. मी एकेक हातात धरून बघितली, लहान मुलाची बघावीत तशी. पाचही होती.

मला वाटलं आता मामा मशीनला शिव्या देतील, बाहेर फेक म्हणतील. पण ते मशीनकडं बघतच नव्हते. ते भिंतीवरच्या स्टार्टरकडं बघत होते.

"त्यात ऑटो हाय," ते म्हणाले. "मीच बसवलाय. तू सारखी पळतीस म्हनून."

आमच्या भागात ऑटो कुणाला सांगावा लागत नाही. शेतीची लाईट कधी येईल त्याचा नेम नसतो, म्हणून मोटरीच्या स्टार्टरमध्ये एक डबी बसवतात. लाईट आली की ती थोडा वेळ थांबते, विजेचा दाब नीट झाला की आपोआप बटन दाबल्यासारखं करते, आणि माणूस घरी असला तरी रानात पाणी सुरू होतं. मामांनी सगळ्या विहिरी-बोअरला बसवला तसाच माझ्या मशीनलाही बसवला. पेटी उघडून आत, झाकण परत नीट लावून. मी मशीनचा स्क्रू न् स्क्रू तपासला, सॉफ्टवेअर काढून नवीन टाकलं आणि ती पेटी एकदाही उघडली नाही, कारण ती घरचीच होती.

मला राग आला होता. खरंच आला होता, ओठांवर आला होता. पण मामा अजून स्टार्टरकडंच बघत होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. काहीतरी जुळवत होते.

"परवा," ते म्हणाले, "लाईट गेलेली तवा तू हितं बिट बदलत हुतीस. मी दारावरनं गेलो. दोन्ही हात आत हुते तुझं."

मी मान हलवली.

"तवा बी त्यो आतच हुता."

त्यानंतर ते खाली बसले. भिंतीला घसरत, लाकडाच्या ढिगावर. सापाला न भिणारा माणूस. जखम दाबून धरायला मी हात पुढं केला, तर त्यांनी माझाच हात धरला आणि उलटासुलटा करून बघितला. दोन्ही बाजूंनी. मग दुसरा मागितला.

ऑटो त्याच दिवशी निघाला, त्यांनीच काढला. आता मला बिट बदलायचं असलं की मी मामांना हाक मारते. ते येतात, स्टार्टरची पिन भिंतीतून उपटतात आणि मुठीत धरून माझ्यासमोर पाटावर बसतात. पिन मला दिसत असते. लाईट येऊ दे नाहीतर जाऊ दे, काही होणार नाही हे मला माहीत असतं. तरीही मी हात लगेच घालत नाही. ऑटो थांबायचा तेवढा वेळ आम्ही दोघं आधी नुसते बसून राहतो.