साहेबरावांनी दिलेला शब्द

चालताना आपल्या मुलाच्या, ऋषिराजच्या, डाव्या पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि त्याला पत्ताही लागत नाही, ही गोष्ट राजेश्वरीच्या मनातून काही केल्या जात नव्हती. मणक्यात नस दबली आहे, ऑपरेशन लांबवू नका, असं बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. न्यूरोसर्जन असो की हाडांचा, मणक्याची ऑपरेशनं जो नेहमी करतो तोच गाठा, असंही बजावलं होतं.

पण लासुर्ण्याच्या त्या घरात उसाचं बेणं, सोयरिकी आणि डॉक्टर, सगळं थोरले दीर साहेबराव ठरवत. माहिती शून्य, आवाज मात्र सभेत ठराव मांडल्यासारखा.

"मेंदूचा डॉक्टर कशाला?" बशीत चहा ओतत ते म्हणाले. "पोराच्या पाठीत मेंदू हाय व्हय? हाडाचाच बघायचा. आपल्या पाहुण्यातला हाय. माझा गुडघा त्यानंच बदलला. मी शब्द दिलाय त्याला."

"भाऊजी, ते मणक्याची ऑपरेशनं करतात का?"

"गुडघा करणाऱ्याला मणका जड हाय का? आन् दुसरीकडं गेलो तर पाहुण्यांत तोंड कसं दाखवू?"

पोराचा पाय लुळा पडला तरी चालेल, यांचं तोंड तेवढं शाबूत राहावं! राजेश्वरीला शिसारी आली. तिने त्यांच्यादेखत मोबाईल उचलला. त्या पाहुण्या डॉक्टरलाच फोन करून विचारायचं, तुम्ही मणके करता की नुसते गुडघे. उत्तर गुडघे आलं, तर साहेबरावांनी आपला शब्द स्वतःच्या दुसऱ्या गुडघ्यावर खुशाल पाळावा.