विल्मा तपासायला जाते तेव्हा

विल्मा कोवालचुक एकतीस वर्षं आमच्या गावातल्या तीन-चार वर्षांच्या मुलांची तपासणी करते. मूल बोलत नाही, कुणात मिसळत नाही, असं काही असलं की शाळाखात्याची समिती तिला पाठवते. गुण ठरलेल्या रेषेखाली आले तर मुलाला फुकट शिक्षक मिळतो, वर आले तर नाही. मी त्या समितीची कारकून. तिचे अहवाल टाइप करून माझी बोटं झिजली.

गेल्या वसंतात ती आर्डिथ पॉमरॉयकडे गेली. साठी उलटलेली आर्डिथ नात ज्यूनीला एकटीच वाढवते. ज्यूनी साडेतीन वर्षांची, पण तोंडातून शब्द नाही. आमच्याकडे सरकारी माणूस घरी येणार म्हटलं की लोक आधी फरशी घासतात, मग खोटं बोलतात. पोरीला चर्चचा फ्रॉक, टेबलावर केक, आणि घरच्यांनी भरायच्या फॉर्मवर सगळीकडे 'हो'. हाताने खाते? हो. हवं ते मागते? हो.

"आर्डिथ, हे रविवारचं लिहिलंत तुम्ही," विल्मा म्हणाली. "मला मंगळवारची सकाळ हवी."

"म्हणजे तुम्ही तिला खुळी ठरवणार, आणि आजीला झेपत नाही म्हणून घेऊन जाणार! कळतं हो मला."

"कुणी नेत नाही तिला. पण हे 'हो' असेच राहिले तर कुणी शिकवायलाही येणार नाही."

तेवढ्यात ज्यूनीने फ्रिजकडे नुसतं पाहिलं. आर्डिथ दूध आणायला उठलीच.

"बसा. दोन्ही हात मांडीखाली घ्या. तीनच मिनिटं."

ज्यूनी फ्रिजकडे बघत राहिली, मग आजीकडे, मग फ्रिजच्या दारावर डोकं आपटायला लागली. 'दूध' नाही, 'दे' नाही, साधं बोटसुद्धा दाखवलं नाही. दुसऱ्याच मिनिटाला आर्डिथने तिला उचलून छातीशी धरलं आणि स्वतःच रडू लागली. विल्माने हे सांगितलं तेव्हा मला तिचा रागच आला. पण दुसरा मार्ग मलाही सुचला नसता.

"द्या तो कागद इकडे," आर्डिथ डोळे पुसत म्हणाली, आणि सतरा 'हो' तिने स्वतःच्या हाताने खोडले.

जूनमध्ये समिती बसली. ज्यूनी रेषेच्या बरीच खाली होती. सप्टेंबरपासून छोटा वर्ग, आठवड्यातून तीनदा बोलायला शिकवणारी बाई, दारात बस. सगळं मंजूर झालं. आर्डिथ मात्र शिक्षा ऐकल्यासारखी पर्सचा पट्टा पिळत बसली होती.

मग ज्यूनीला काय नि कसं शिकवायचं त्या योजनेच्या कागदाचा पहिला रकाना आला: मुलाला काय चांगलं येतं. तो घरच्यांना विचारूनच भरायचा, असा नियम आहे. आर्डिथ पट्टाच पिळत राहिली. खोटं बोलायचं नाही म्हटल्यावर बिचारीकडे सांगण्यासारखं काही उरलंच नसेल, असं मला वाटलं.

"तिला कळतं," ती शेवटी म्हणाली. "एरवी जिन्यापाशी आली की माझ्या पायाला बिलगते, मी उचलेपर्यंत सोडत नाही. पण माझे गुडघे दुखत असले ना, की बिलगत नाही. रांगत एकटी चढते, आणि वर बसून माझी वाट बघते." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "एवढं मावेल का हो त्यात?"

रकाना दोन ओळींचा होता. उरलेलं मी समासात लिहिलं.